पाठीपासून टाचेपर्यंत

पाठाचं नाव: अजून ठरलेलं नाही. पुढे चला.

पुण्याच्या संस्थेचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी पडवळ चिरत होतो. 'रविवारी सकाळी आपला मराठी वर्ग पाहण्यास आमच्या प्रतिनिधी येत आहेत. तत्पूर्वी पाठ टाचण पाठवावे.'

पहिलं वाक्य कळलं. दुसऱ्यातलं 'पाठवावे' कळलं. मधले दोन शब्द मी चष्मा लावून वाचले, चष्मा काढून वाचले आणि शेवटी सरोजाला वाचून दाखवले. सरोजा माझी बायको. तिची तंजावरी मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि खणखणीत, कारण तिचं माहेर तिरुप्पनंदाळचं आणि त्या घरात भांडणंसुद्धा मराठीत होत.

ती म्हणाली, "पाठ म्हणजे पाठ. टाचण म्हणजे टाचणी. पाठीस टाचणी लावोन धाडा म्हणतात. कोणाच्या पाठीस, तेवढें विचारोन घ्या."

विचारणार कसं? मी गणिताचा मास्तर. कुंभकोणच्या शाळेत तमिळमधून त्रिकोणमिती शिकवली, इंग्रजीतून त्रिकोणमिती शिकवली आणि निवृत्त झालो. मराठी आमच्याकडे उंबऱ्याच्या आतली भाषा. चप्पल घातली की तमिळ सुरू. देवनागरी मला येते ती केवळ तरुणपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. आणि एवढ्या भांडवलावर मी दर रविवारी समाजाच्या भजनमंदिरात मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवतो. अशा माणसाने पुण्याला कळवायचं, की तुमच्या मराठीतले दोन शब्द कळले नाहीत?

मी भजनमंदिराचे सेक्रेटरी जानकीराम अण्णा यांना फोन लावला. मराठीच्या कोणत्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं. बरोबर असेलच असं नाही, पण असतं. ते मरुदानल्लूरला भजनाला गेले होते. मंदिराच्या कामासाठी ते हवे असले की मरुदानल्लूरलाच असतात. मागे झांजा वाजत होत्या, त्यामुळे मी 'पाठ टाचण' हे शब्द रस्त्यातल्या लोकांनी वळून पाहावं इतक्या मोठ्याने ओरडलो.

"सोपें आहे, शंकरनारायणा!" अण्णा तिकडून ओरडले. "पाठ आणि टाच! पुण्याचे लोक शिस्तीचे. मुलें कैशी बसतात तें विचारतात. पाठीपासोन टाचेपर्यंत सगळें लिहोन धाड!"

मी धाडलं. 'मुले मांडी घालून बसतात. पाठ ताठ असते, श्रीवत्सची सोडून. टाचा मांडीखाली असल्याने दिसत नाहीत, परंतु स्वच्छ आहेत.'

उत्तर तासाभरात आलं. 'माहिती रोचक आहे. आम्हाला लेसन प्लॅन हवा होता.'

लेसन प्लॅन! बी.एड. करताना मी लेसन प्लॅनची इतकी बाडं लिहिली होती की वाण्याला पुड्या बांधायला पुरली असती. पुढे नव्या मास्तरांना तो कसा लिहावा हे शिकवलं. आणि माझ्या स्वतःच्या भाषेत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तर मी त्याच्या टाचा तपासल्या. त्या दिवशी मी घरात कुणाशी बोललो नाही. (हे वाक्य विसरू नका, कारण तो अबोला पुढे मलाच महागात पडला.)

उद्दिष्ट (माझं): मुलांना मातृभाषेची गोडी लागेल.

उद्दिष्ट (खरं): हे टाचणात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

भजनमंदिराच्या रविवारच्या वेळेवर एका कीबोर्ड क्लासचा डोळा होता. क्लासला पोरं भरपूर, गाजावाजा भरपूर. कमिटीने ठरवलं होतं: पुण्याची मान्यता मिळाली तर रविवार मराठीला, नाही तर कीबोर्डला.

आता तुम्ही म्हणाल, गेला तर गेला रविवार. पण माझी नात रम्या आमच्याकडे राहते. तिची आई चेन्नईला नोकरीत. मी मराठीत विचारतो, "जेवलीस का?" ती म्हणते, "साप्टाच्चु." मी म्हणतो, "अभ्यास झाला?" ती म्हणते, "मुडिंजाच्चु." कळतं तिला सगळं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. बाहेर कोणी ऐकलं तर वाटावं की एक म्हातारा आणि एक मुलगी दोन वेगवेगळ्या फोनवर बोलताहेत. रविवारी वर्गात मात्र, कर भरल्यासारखे, चार मराठी शब्द तिच्या तोंडून निघत. वर्ग बंद झाला की तेही गेले. मग घरात मराठी बोलणारे उरणार मी आणि सरोजा, आणि आम्ही दोघं आता फारसं बोलत नाही.

उद्दिष्ट (शिवकामी मामींनी बदललेलं)

शिवकामी मामी आमच्या शेजारी. मुख्याध्यापिका होत्या. मराठीचं एक अक्षर त्यांना येत नाही, पण टाचण कोणत्याही भाषेतलं असो, त्या कुंपणाच्या भिंतीवरून तपासतात. मी माझं उद्दिष्ट तमिळमध्ये सांगितलं.

"गोडी लागेल?" मामी म्हणाल्या. "किती लागली ते कसं मोजणार, सार? रक्त तपासणार?"

"मामी, ही भाषा आहे."

"म्हणूनच सांगते. एका तासाला एकच गोष्ट. आणि ती मुलांनी शेवटी करून दाखवली पाहिजे. मूल काय करेल ते लिहा. तुम्ही काय बोलाल ते लिहू नका, तुम्ही तसेही बोलताच."

हा शेवटचा शेरा अनावश्यक होता. पण बाकीचं बरोबर होतं, आणि ते मी स्वतः वर्षानुवर्षं इतरांना सांगत आलो होतो, म्हणून जास्त झोंबलं. मी लिहिलं: 'पाठाच्या अखेरीस विद्यार्थी चार वस्तूंची नावे देवनागरीत वाचून दाखवतील.'

"कोणत्या वस्तू?"

मी प्रसंग रचला होता. घरी पाहुणे येणार. आंब्याचा पाला तारेत ओवून तोरण करायचं. पाहुणा कडी वाजवतो. आतून पूजेची घंटा ऐकू येते. चार शब्द: पाला, तार, कडी, घंटा. रचना इतकी सुंदर होती की मला स्वतःलाच पाहुणा व्हावंसं वाटलं.

"चित्रं दाखवू नका," मामी म्हणाल्या. "खऱ्या वस्तू आणा. मुलांच्या हातात द्या."

त्यांच्या या सल्ल्यात काडीइतकीही चूक नव्हती, हे मी आजही मान्य करतो.

शैक्षणिक साहित्य

वर्गातल्या मुलांच्या घरच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सगळे मराठी बोलणारे, पण मराठी वाचणारा मी एकटा. म्हणून ग्रुपवर आम्ही मराठी लिहितो ती तमिळ अक्षरांत. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय. कुणाचं काही अडलं नाही. अबोल्याच्या त्याच दिवशी मीही तसंच लिहिलं: 'रविवारी वर्गाला घरून आणणे: पाला, तार, कडी, घंटा. मोठी असेल तर उत्तम. मागच्या मुलांना दिसली पाहिजे.'

इथे थांबून तमिळ लिपीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते मला त्या दिवशी सुचले असते तर ही गोष्ट झालीच नसती. क, ख, ग, घ या चौघांना मिळून तमिळमध्ये एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांना एक. त, थ, द, ध यांना एक. प, फ, ब, भ यांनाही एक. तमिळ माणूस संदर्भाने ओळखतो आणि कधी चुकत नाही. संदर्भ माझ्या डोक्यात होता. ग्रुपवर फक्त अक्षरं गेली.

रविवारी सकाळी मी मंदिराच्या पायरीवर उभा होतो. कोपऱ्यावरून एक मालवाहू रिक्षा वळली. तिच्यात आडवं, दोरीने बांधलेलं, सागवानी, पितळी फुल्या ठोकलेलं एक दार होतं. दारावर रघुराम बसला होता. रघुरामची लाकडाची वखार आहे, आणि श्रीवत्स त्याचा मुलगा.

"हें काय, रघुराम?"

"दार."

"दार कशाला?"

"तुम्हीच सांगितलें ना, सार? मोठें असेल तर उत्तम म्हणोन. हें सर्वांत मोठें. एका गिऱ्हाइकाचें आहे, दुपारीं परत द्यायचें आहे."

"अरे, पण दार कशाला, असं तुला वाटलं नाही?"

"वाटलें. पण मास्तरास कोण विचारणार?"

त्याच्या मागून श्रीवत्स उतरला. त्याच्या हातात त्याच्याहून उंच भाला होता, शाळेच्या नाटकातला, टोकाला चंदेरी कागद लावलेला. मी पाल्याची आशा तिथेच सोडली.

जानकीराम अण्णा नेमके त्या दिवशी मरुदानल्लूरला नव्हते. त्यांनी मंदिराच्या दारात हात आडवे केले. "शंकरनारायणा, दार आंत नेतां येणार नाहीं. दार ही स्थावर मालमत्ता. कमिटीचा ठराव पाहिजे."

"अण्णा, ते रिक्षातून आलंय. स्थावर कसं?"

"बसविल्यावर स्थावर होतें."

"बसवणार नाही, टेकवणार आहे."

अण्णा विचारात पडले. टेकवलेल्या दाराबद्दल कमिटीचा नियम नव्हता. तेवढ्यात रघुरामने आणि रिक्षावाल्याने दार उचललं, आणि मग कळलं की दार दारातून जात नाही. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. रिक्षावाला तमिळमध्ये म्हणाला की आधीचं दार काढलं तर हे जाईल. अण्णा पुन्हा आडवे झाले. शेवटी तिरक्यातून थोडं अधिक तिरकं करून, अण्णांच्या अंगवस्त्रासह, ते आत गेलं.

मग अंबाबाई आल्या. वर्गातल्या एका मुलीची पणजी, ऐंशीच्या पुढच्या, ताठ. त्यांनी पदराखालून रुमालाची गाठ काढली, चारी बाजूंना पाहिलं आणि सोडली. आत सोन्याचा कंठा होता.

"माझ्या सासूबाईंचा," त्या म्हणाल्या. "मोठा पाहिजे म्हणोन हाच आणिला. मुलांस दुरून दाखवा. मी येथेंच बसतें." आणि त्या कंठ्यासमोर अशा बसल्या की मुलांनाच काय, देवालाही तो दिसेना.

घंटेचा कंठा झाला होता. आता फक्त कडी राहिली होती. निदान कडी तरी, मी मनात म्हणालो. आणि दुसऱ्या एका रिक्षातून सरोजा उतरली, मोठ्या पातेल्याला दोन्ही हातांनी धरून. वर झाकण, झाकणाला फडकं, आणि फडक्यातून कढीपत्त्याचा वास.

"सरोजा," मी म्हणालो, "तू तर घरात होतीस. मला विचारायचं नाही, कढी कशाला म्हणून?"

"तुम्ही दिवसभर बोलत नव्हतां," ती म्हणाली. "म्हटलें, पाहुण्यांस द्यायची असेल."

प्रस्तावना: (टाचणानुसार, एक गोड गाणं.)

गाणं झालं नाही. पुण्याच्या बाई येऊन बसल्या होत्या. गोऱ्यापान, सुती साडी, मांडीवर माझं टाचण. त्यांनी टाचण पाहिलं, मग दार पाहिलं. पुन्हा टाचण पाहिलं. मागच्या भिंतीशी शिवकामी मामी बसल्या होत्या. बोलावलं नव्हतं, पण तपासणी म्हटलं की त्या येतातच.

मी घसा साफ केला. "मुलांनो, आज आपल्या घरी पाहुणे येणार आहेत. सांगा बघू, हे काय?"

"कदवु!" मुलं एका सुरात तमिळमध्ये ओरडली. दार.

"आणि तार कुठे आहे?" बाईंनी टाचणावर बोट ठेवून शांतपणे विचारलं.

"तार?" रघुराम उठला. "तार नाहीं, बाई, दार. हें पाहा, लिहिलें आहे." त्याने फोन पुढे केला. बाईंनी पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं, कारण ती तमिळ अक्षरं होती. अंबाबाई म्हणाल्या, त्यांच्या फोनवर कंठाच आहे. सरोजा म्हणाली, कढी स्पष्ट आहे. मी म्हणालो, मी घंटा लिहिली होती. रघुराम म्हणाला, सार, मग घंटा लिहायची होती. श्रीवत्सने या गडबडीत भाल्याने पंखा अडवायचा प्रयत्न केला. अण्णा ओरडले की भाल्यालाही ठराव पाहिजे.

बाई म्हणाल्या, "माफ करा, पण लिहिलंय एक आणि प्रत्येकाला दिसतं दुसरंच, असं कसं? मला समजेना."

मला समजत होतं. मी खडू उचलला. कीबोर्ड ऐकू येऊ लागला होता. खरंच, क्लासचे मास्तर बाहेर व्हरांड्यात येऊन जागा पाहत होते, आणि त्यांनी सोबत वाद्य आणलं होतं.

अध्यापन: (टाचणानुसार, शिक्षक स्पष्टीकरण देईल.)

शिक्षकाने दिलं नाही. रम्या उठली. तिने आधी माझ्याकडे पाहून तमिळमध्ये सुरुवात केली. बाईंनी हात हलवला. "मला तमिळ येत नाही गं."

रम्या थांबली. हॉलमधल्या सगळ्या माणसांत तमिळ न कळणारी एकच व्यक्ती होती, आणि समजावून सांगायचं होतं तिलाच. दुसरी वाटच नव्हती. रम्याने फळ्यावर तमिळ अक्षर काढलं आणि तोंड उघडलं.

"तुम्हास कळलें नाहीं का? हें पाहा. आमचें अक्षर एकच. तुमचीं चार. हें त म्हणा, थ म्हणा, द म्हणा, ध म्हणा, आम्ही ऐसेंच लिहितों. म्हणोन आजानें लिहिलें तार, आणि रघुराम मामाला दिसलें दार. त्यांची वखार आहे, त्यांस दारच दिसणार."

रघुराम म्हणाला, "हो की."

"आणि आजीस भूक लागली होती, म्हणोन कढी."

"मला नाहीं," सरोजा म्हणाली, "तुम्हा सगळ्यांस लागेल म्हणोन."

बाई पुढे सरकल्या. "अगं, तू तर बखरीतल्यासारखं बोलतेस."

"बखर कोण?" रम्या म्हणाली.

मी खडू हातात धरून उभा होतो. ती सरोजासारखं बोलत होती. तेच 'म्हणोन', तेच 'ऐसें'. हे सगळं इतकी वर्षं आत कुठे साठवून ठेवलं होतं या मुलीने? आणि का? की आजवर तिच्यासमोर असा कोणी बसलाच नव्हता, ज्याच्याशी मराठीवाचून बोलताच येणार नाही? मी तर तमिळ जाणतो. माझ्याशी तिने मराठीत का बोलावं?

श्रीवत्स भाला घेऊन फळ्यापाशी आला. "मग माझा भाला कोणत्या अक्षराचा? सार, लिहा ना."

मी भ लिहिला. शेजारी प लिहिला. "हा पाला. हा भाला."

"पोट फोडलें की भाला," श्रीवत्स म्हणाला. मी दोन्ही अक्षरांकडे पाहिलं. अगदीच चूक म्हणता येईना. मुलं पुढे सरकली. त द, क घ, ड ढ. एकीने विचारलं, कढीतला ढ असा वाकडा का. दुसऱ्याने सांगितलं, पातेलं आहे म्हणून. अंबाबाईंनी कंठा मुलांच्या हातात दिला, कारण त्याशिवाय क शिकवता येईना. स्वतः मात्र रुमालाचं टोक धरून राहिल्या. मी काहीही बोलत नव्हतो. मागून शिवकामी मामी समाधानाने मान हलवत होत्या.

मूल्यमापन

मी आठ कार्डं लिहून मिसळली. मुलांनी ज्याची त्याला लावायची. दाराला 'दार' लागलं. पातेल्याला 'कढी' लागलं. कंठ्याला 'कंठा'. श्रीवत्स 'पाला' घेऊन हॉलभर फिरला, भाल्यापाशी आला, थांबला, म्हणाला, "हा नाहीं," आणि कार्ड माझ्या खिशात खोचून बाहेर आंब्याकडे पळाला. जानकीराम अण्णा 'तार' घेऊन उभे होते. त्यांना ते कुणी दिलं कळलं नाही, पण ते चष्मा वर करून ते जुळवून वाचत होते, आणि विजेच्या तारेकडे बोट दाखवून मुलांना विचारत होते, बरोबर आहे का.

बाईंनी कढीचा दुसरा पेला संपवला आणि टाचणाची घडी घातली.

"तुमच्या टाचणाचा आणि पाठाचा काही संबंध नव्हता," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "नाही."

"पण तासभर मुलं बोलली आणि तुम्ही गप्प होतात. आमच्या अहवालात त्याला रकाना आहे, तो भरायला सहसा मिळत नाही." मग अण्णांकडे वळून, "वर्ग चालू ठेवा. मान्यतेचं मी बघते. त्या पेटीवाल्यांना दुसरी वेळ द्या."

अण्णांनी व्हरांड्यात जाऊन कीबोर्डच्या मास्तरांना सांगितलं की रविवारी जागा नाही. मास्तर म्हणाले, आत तर नुसतं दार ठेवलंय. अण्णा म्हणाले, त्याचा ठराव झाला आहे.

माझ्या छातीवरून जे उतरलं ते त्या सागवानी दाराइतकं जड असावं. मी पायरीवर बसलो आणि कढी प्यायलो. उत्तम होती.

गृहपाठ

सरोजा पातेलं घेऊन पुढे गेली. मी आणि रम्या चालत निघालो. मी मास्तर; गप्प राहवेना. मी तिला समजावू लागलो की खरं तर चूक लिपीची होती, माझी रचना निर्दोष होती, पाहुण्यांचा प्रसंग पाहिलास तर—

रम्या रस्त्याच्या मधोमध थांबली, कमरेवर हात ठेवून. शेजारून बस गेली. आजूबाजूला सगळं तमिळ, दुकानं, पाट्या, माणसं. पुण्याच्या बाई केव्हाच गेल्या होत्या. ती म्हणाली, "आजा, तुम्हास नीट लिहावयास येत नाहीं, आणि वरून बोलतां किती! सगळ्या लोकांस उगीच त्रास."

आणि ती पुढे चालू लागली.

घरी पोचलो तेव्हा सरोजा पातेलं घासत होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, "काय जाहलें?"

"रम्याने माझा अपमान केला. भर रस्त्यात."

सरोजाचा हात थांबला. "कोणत्या भाषेंत?"

"आपल्या."

तिने पातेलं तसंच ठेवलं, हात पुसले आणि पायसाला दूध चढवलं.